आयल ऑफ मॅन: वरच्या सभागृहासाठी आपल्याला मत का नाही?

नाशिकची_सिस्टर:
आयल ऑफ मॅन या बेटाच्या राजधानीत, डग्लसला येऊन चौदा महिने झाले. इथे १६ वर्षं पूर्ण आणि वर्षभराचं वास्तव्य एवढं असलं की मतदार यादीत नाव येतं, पासपोर्ट कुठला का असेना. म्हणून मीही हौसेने नोंदवलं. वॉर्डातल्या एका आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "कीजसाठी (म्हणजे खालच्या सभागृहासाठी) मत देशील, कौन्सिलसाठी नाही." का, ते विचारलं तर हसले आणि गोळी घेऊन झोपून गेले. कौन्सिल काय प्रकार आहे? कोण निवडतं तिला?

रमलेला_सांगलीकर:
ताई, आजोबा बरोबर बोलले. लेजिस्लेटिव्ह कौन्सिल म्हणजे आपल्या विधान परिषदेची धाकटी बहीण समजा. एकूण ११ जण. त्यातले ८ हाऊस ऑफ कीजचे २४ सदस्य निवडतात, ५ वर्षांसाठी. एका वेळी चारच जागा रिकाम्या होतात आणि निवडून यायला कीजमधली १३ मतं लागतात. म्हणजे तुम्ही निवडायचे कीज आणि कीजने निवडायचं कौन्सिल. आपल्याकडे आमदार ३० जणांना परिषदेवर पाठवतात ना, तसंच. पदवीधर, शिक्षक, राज्यपालनियुक्त १२ ही भानगड नाही एवढंच.

उरलेले तिघे म्हणजे टिनवॉल्डचे (इथल्या संसदेचे) अध्यक्ष, ॲटर्नी जनरल (हे बसतात, बोलतात, पण मत देत नाहीत) आणि बिशप. हो, बिशप! 'सोडर अँड मॅन'चे बिशप. सोडर म्हणजे नॉर्स लोकांच्या भाषेत दक्षिणेकडची बेटं, स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीज. ती बेटं या धर्मप्रांतातून कधीच गेली, पाटीवर नाव तेवढं राहिलं. धर्मगुरूला कायद्यावर मत असावं का, यावर इथे वर्षानुवर्षं वाजत आलंय. मला विचाराल तर नसावं. पण हे मी शेजारच्या चर्चवाल्या बाईंसमोर बोलत नाही.

एकेकाळी या कौन्सिलचा दरारा होता. खुद्द गव्हर्नर अध्यक्षस्थानी बसायचे, तेही थेट १९८० पर्यंत. न्यायाधीश, म्हणजे इथले डीमस्टर, ते पण सदस्य. शेवटचे डीमस्टर १९७५ मध्ये बाहेर पडले. पण नखं त्याआधीच, १९६१ च्या कायद्याने कापली होती. कीजने हट्ट धरून पुढच्या सत्रात तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं की कौन्सिलला ते अडवता येत नाही. उशीर करायचा, बस्स.

पुणेरी_कटिंग:
थोडक्यात, पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र. आणि ११ माणसांना कसलं आलंय सभागृह? आमच्या सोसायटीची कमिटी याहून मोठी आहे.

रमलेला_सांगलीकर:
पडलेल्यांचं नाही हो, निवडून आलेल्यांचं! पूर्वी कीजमधलेच मुरलेले सदस्य उचलून वर पाठवायचे आणि खालच्या जागेवर पोटनिवडणूक लागायची. त्यावर लोक खूप चिडायचे. डोनाल्ड गेलिंग २००४ मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कौन्सिलचेच सदस्य होते, म्हणजे जनतेने थेट निवडलेले नव्हते. पुढे २०२० मध्ये उद्धव ठाकरे परिषदेवर गेले, ते माझ्या मॅन्क्स, म्हणजे इथल्याच, शेजाऱ्याला समजावून सांगायला मला एक मिनिट लागलं नाही. "अच्छा, गेलिंगसारखं," म्हणाला.

पण सोसायटीच्या कमिटीवरून एक सांगतो. सुट्टी होती, पाऊस होता, म्हणून कौन्सिल भरतं त्या इमारतीत जाऊन बसलो. डग्लसची मंडळी तिला 'वेडिंग केक' म्हणतात, लग्नाच्या केकसारखे मजले म्हणून. प्रेक्षकांत मी एकटाच. खाली एका कलमात 'करील' असावं की 'करू शकेल' यावर चर्चा चाललेली. वीस मिनिटं मी जांभया देत होतो. मग कान टवकारले. माझे वडील तलाठी. एका क्रियापदाने कुणाची किती गुंठे जमीन जाते, हे आमच्याकडे जेवताना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. कीजमध्ये भाषणं होतात, पण कलम वाचतं कोण? इथे कुणीतरी वाचत होतं. दारोदार मतं मागायची नसली की माणसाला वाचायला वेळ मिळत असावा. थेट निवडणूक घ्या म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न असतो, मग हे वाचायचं कुणी?

पुणेरी_कटिंग:
वडील तलाठी म्हटल्यावर मी गप्प बसतो.

नाशिकची_सिस्टर:
दादा, खूप आभार. मग टिनवॉल्ड ते वेगळं का? ५ जुलैची सुट्टी त्याचीच ना?

रमलेला_सांगलीकर:
कीज आणि कौन्सिल एकत्र बसले की ते टिनवॉल्ड. बसायचं एकत्र, मतं मात्र आपापली मोजायची. ठरावाला दोन्हीकडे बहुमत लागतं.

५ जुलैला मात्र जाच. सेंट जॉन्स गावात चार पायऱ्यांची गवताची टेकडी आहे. वाटेवर लव्हाळा पसरतात, सगळे सदस्य कोटाला दवण्याच्या जातीच्या एका रानवनस्पतीची डहाळी लावतात आणि वर्षातले नवे कायदे इंग्रजीत आणि इथल्या मॅन्क्स भाषेत थोडक्यात वाचून दाखवतात. ही शोभेची गोष्ट नाही बरं का. राजाची संमती मिळाल्यापासून १८ महिन्यांत टेकडीवरून घोषणा झाली नाही तर कायदा गळून पडतो. कुणाचं गाऱ्हाणं असेल तर टेकडीच्या पायथ्याशी अर्ज द्यायचा, अगदी तुम्हीसुद्धा.

आणि एक बघा. गव्हर्नरसोबत सगळ्यात वरच्या पायरीवर कौन्सिल बसतं, कीज त्याच्या खालच्या पायरीवर. एरवी कसंही असो, त्या दिवशी वरचं सभागृह खरोखर वर असतं.

गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. बसने जा. छत्रीही नको, वारा उलटी करून टाकतो. रेनकोट घ्या आणि डब्यात काहीतरी, निदान दशम्या तरी.