वास रुग्णाचा नव्हे, रक्तद्रवाचा
'यंत्राला कॅन्सरचा वास येतो, म्हणजे बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) कटकट संपली' असं कुणी म्हणतं. इतक्यात नाही हो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये जे मांडलं त्यात रुग्णाला हुंगलंच नव्हतं, रक्तद्रवातून (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातून, म्हणजे प्लाझ्मातून) उडणारी वाफ हुंगली होती. केसाहून हजारो पटींनी बारीक कार्बनच्या नळ्या, त्यांवर डीएनएचे धागे, असे हे सेन्सर. वाफेतले रेणू चिकटले की वीजप्रवाह किंचित बदलतो. सगळ्या सेन्सरांचा मिळून एक ठसा उमटतो, तो संगणक ओळखतो. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अचूकता ९५ टक्के, पण त्याचे रुग्ण जेमतेम २०! मला खरी आशा वाटते ती दुसऱ्याच आकड्याने: सुरुवातीच्या टप्प्यातले आठच्या आठ रुग्ण सापडले. एरवी अंडाशयाच्या कॅन्सरचा पोट फुगेपर्यंत बाईला बऱ्याचदा पत्ताच लागत नाही.