मदत हवी आहे: वॅग्नरचं ‘रिंग’ पडद्यावर नेमकं कसं जोखायचं?

मंडळी, जर्मन संगीतकार वॅग्नरची ‘रिंग’ ही ऑपेरा-मालिका म्हणजे चार ऑपेरा, साधारण पंधरा तास, आणि मी अजून दुसऱ्या ऑपेराच्या, म्हणजे ‘वाल्क्यूरे’च्या, दुसऱ्या अंकात अडकलोय. हाताशी चित्रित प्रयोगांचे दोन संच आहेत. एक जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवाचा: दिग्दर्शक पात्रिस शेरो, संगीत-संचालक पिएर बुलेझ. हा प्रयोग १९७६ साली रंगमंचावर आला, चित्रण १९७९-८० मधलं. ऱ्हाइनकन्या (नदीतल्या जलपऱ्या) चक्क धरणावर! दुसरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा, दिग्दर्शक ओटो शेंक आणि संगीत-संचालक जेम्स लेव्हाइन यांचा. तिथे डोंगर म्हणजे डोंगर.

माझी अडचण वेगळीच आहे. शेरोच्या प्रयोगात वोटानचं (देवांच्या राजाचं) लांबलचक स्वगत चालू असतं, समोर आरसा, शेजारी डोलणारा लंबक. कॅमेरा चेहऱ्यावर गेला की लंबक गायब. मग मी दाद कोणाला देतोय, रंगमंचाच्या दिग्दर्शकाला की कॅमेऱ्याच्या? गंमत म्हणजे दोन्ही संचांचं चित्रण ब्रायन लार्जचंच.

त्यात सबटायटल वाचता वाचता अभिनय निसटतो. (घरच्यांच्या मते मी वाचनच करतोय.) आधी संहिता वाचून सबटायटल बंद ठेवायची का? आणि नवख्याने सुरुवात शेंकपासून करावी की थेट शेरो? ज्यांनी दोन्ही पाहिलेत त्यांनी कृपया सांगा.