अनुभव धागा: घरी केलेलं तिखट आणि तरीही गारेगार कॉकटेल

परवा चौघं जण जेवायला येणार होती. तोऱ्यात सांगून टाकलं, आज तुम्हाला तिखट मार्गारिटा पाजतो. सकाळीच दोन हालापेन्यो मिरच्या उभ्या चिरून अर्ध्या बाटली टकीलात टाकल्या आणि विसरून गेलो. संध्याकाळी सगळं मोजूनमापून केलं: ताजा लिंबूरस, ऑरेंज लिकर, कडेला मीठ, ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून गार केलेले. पहिल्या घोटाला एकजण म्हणाला, "मस्त झालंय." बोलताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसरीने काही न बोलता फ्रीज उघडला आणि उभ्याउभ्या ग्लासभर दूध प्यायली.

नंतर कारण शोधलं. मिरचीतला जाळ ज्याच्यामुळे असतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र झटकन उतरतं. मी त्याला उतरायला दहा तास दिले होते! म्हणजे तिखट जमलं होतं, गारवा पार हरवला होता. दोन्ही एकाच ग्लासात नांदवायचे कसे? आपापले अनुभव लिहा. फसलेले आधी.

*

बाटलीत मिरची विसरणाऱ्यांच्या मंडळात स्वागत. मी संस्थापक सदस्य.

आता मी 200 मिली टकीलाला एकच हालापेन्यो घेतो. आतल्या पांढऱ्या शिरा खरवडून काढतो, कारण खरा जाळ तिथे असतो; बियांना तो शेजारामुळे लागतो, बदनाम मात्र बियाच. पंधराव्या मिनिटाला चमचाभर टकीला तेवढ्याच पाण्यात मिसळून चाखतो. मग दर पाच मिनिटांनी. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत गाळायची वेळ येते. घड्याळावर मात्र विसंबू नका. हालापेन्यो तिखटपणाच्या स्कोव्हिल मापात 2,500 ते 8,000 पर्यंत कुठेही असू शकते, म्हणजे एकाच ढिगातल्या दोन मिरच्यांत तिपटीचा फरक. (हे माप 1912 सालचं. स्कोव्हिलसाहेब मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचे आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत थांबायचे नाहीत. त्या चाखणाऱ्यांचा विचार करून आजही वाईट वाटतं.)

आणि ती दहा तासांची टकीला ओतून देऊ नका. एक भाग ती, चार भाग साधी, असं मिसळून वापरा. माझ्याकडे अशी एक बाटली आहे, तिच्यावर "विष" असं लिहिलंय. पाहुणे हात लावत नाहीत, हा वरचा फायदा.

*

माझा अनुभव पेयाचा नाही, डोळ्याचा आहे. मिरच्या चिरल्या, हात साबणाने धुतले, पाहुण्यांना पाजलं, कौतुक करून घेतलं. रात्री अकराला कॉन्टॅक्ट लेन्स काढायला गेले. पुढचं सांगत नाही.

नुसत्या पाण्याने ते कॅप्सेसिन हातावरून जात नाही, साबणाच्या एका हाताने पुरतं जात नाही. आधी बोटांना, नखांच्या कडेला खाण्याचं तेल चोळा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. नाहीतर सरळ हातमोजे घाला. आणि लेन्सवाल्यांनी चिरायचं काम दुसऱ्यावर ढकलावं.

*

गारव्याबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून माझं माप देते. एका ग्लासाचं:

जिन 60 मिली, लिंबूरस 25, साखरेचा पाक 20 (साखर आणि पाणी समसमान), काकडीच्या पाच जाड चकत्या, पुदिन्याची सात-आठ पानं, मिरचीच्या दोन पातळ चकत्या आणि मिठाची चिमूट. मीठ विसरू नका. ते खारटपणासाठी नाही, काकडी आणि लिंबाचा कडवटपणा दाबतं.

आधी काकडी आणि मिरची शेकरच्या तळाशी बत्त्याने चेचायची, काकडीचा रस सुटून तळाला हिरवं पाणी साठेपर्यंत. काकडीचा देठाकडचा तुकडा आधी खाऊन बघा. कडू असेल तर सगळं पेय कडू करतो. पुदिना मात्र चेचायचा नाही. तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्यायची, वास सुटला की झालं. रगडलात तर गवत प्यायल्यासारखं लागतं. मग भरपूर बर्फ आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवणं. शेकर हाताला धरवेनासा झाला पाहिजे. शेवटी चहाच्या बारीक गाळणीतून दुसऱ्यांदा गाळायचं, नाहीतर मिरचीची एखादी बी दातात येते आणि माणूस बोलता बोलता गप्प होतो.

पुदिना आणि मिरची ही जोडी मला आधी विचित्र वाटायची. जिभेवर उष्णता ओळखणारा जो संवेदक असतो त्यालाच कॅप्सेसिन फसवतं, आणि थंडी ओळखणाऱ्या संवेदकाला पुदिन्यातलं मेंथॉल. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी हा उष्णतेचा संवेदक मिरचीच्या मदतीनेच शोधला. 2021 च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. ग्लासात काहीच गरम नसतं, पण जिभेला एकाच वेळी दोन खोट्या बातम्या जातात. मजा त्या गोंधळात आहे.

*

सोडा शेकरमध्ये घालू नये. एवढंच. छत अजून पुसतोय.

*

धागाकर्ता: हसून हसून ठसका लागला. मिरचीऐवजी आलं कोणी वापरलंय का?

*

मी. मिरचीवर माझा विश्वासच नाही, तिचा जाळ रेंगाळतो. आल्याचा झटका येतो आणि जातो, त्यामुळे पुढचा घोट पुन्हा ताजा लागतो. व्होडका, लिंबू आणि आलं ही तर मॉस्को म्यूल या कॉकटेलची जुनी, सिद्ध झालेली जोडी. बाटलीतल्या जिंजर बिअर (आल्याचं फेसाळ पेय) मला फार गोड लागतात, म्हणून आलं किसून फडक्यात पिळतो. रस दहा मिनिटं ठेवला की तळाला पांढरा साका बसतो. तो तसाच सोडून वरचा रस घ्यायचा. एका ग्लासाला 10 ते 15 मिली पुरे, वरून गार सोडा.

*

आल्याचं ठीक आहे, पण त्याला तिखट म्हणणं म्हणजे जरा अतिच झालं.

*

आमच्या घरी दोघं पितात, दोघं नाहीत, आणि गाडी चालवणारी कायम मी. म्हणून मी मिरची दारूत न भिजवता पाकात घालते. एक कप पाणी, एक कप साखर, विरघळली की गॅस बंद, चिरलेली मिरची टाकून झाकण, दहा मिनिटांनी गाळायचं. पाण्यात कॅप्सेसिन कमी उतरतं म्हणून जाळ बेताचाच येतो, पण मिरचीचा तो हिरवा, कच्चा वास छान येतो. ज्याला हवं तो त्यात जिन घालतो, मी लिंबू आणि सोडा. एकदा मात्र उकळत्या पाकात मिरची टाकून वर वाकून बघितलं होतं. सगळं घर खोकत बाल्कनीत.

*

मला एक कळायला फार दिवस लागले. पहिला घोट छान, अर्ध्यावर ठीक, शेवटचा घोट आग. असं का? दिसायला सुंदर म्हणून मिरचीची चकती ग्लासातच तरंगत ठेवायचो! ती आपलं काम करतच राहते. शिवाय बर्फ वितळून पेय कोमट झालं की गारव्याने झाकलेलं तिखट वर येतं. अल्कोहोलही त्या उष्णतेच्या संवेदकाला हळवं करतं, म्हणून कडक पेगात तीच मिरची जास्त झोंबते. आता सजावटीला काकडीची लांब पट्टी लावतो आणि मिरची फक्त कडेवर: मीठ आणि लाल तिखट मिसळून, ग्लासच्या अर्ध्याच कडेला. ज्याला जाळ हवा त्याने त्या बाजूने प्यावं, नको त्याने ग्लास फिरवावा. यजमानाने भांडणात पडूच नये.

*

अर्ध्या कडेची कल्पना आजच उचलली. बर्फाचं एक राहिलं: छोटे खडे भराभर वितळतात. वाटीत पाणी गोठवून एकच मोठा तुकडा घाला, पेय पातळ व्हायला वेळ लागतो.

*

धागाकर्ता: काल पुन्हा तीच चौघं. यावेळी मिरची वीस मिनिटं, शिरा काढून, काकडी आणि पुदिना वरच्या मापाने, दोनदा गाळून. दूधवालीने आधीच दुधाचा ग्लास भरून शेजारी ठेवला होता. घोट घेतला, थांबली, पुन्हा घेतला आणि म्हणाली, "सरबत छान आहे. कॉकटेल कधी देतोयस?"

पुढच्या शनिवारी पंचवीस मिनिटं.