सोन्याचे कण आहेत, तरी कॅप्सूल फुटेना

मधुरा: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: शरीरात लेसरने फुटून आतलं औषध सोडतील अशा सूक्ष्म कॅप्सूल, चाचणीपुरता आत रंग भरलाय. कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांवर पीएएच (धनभारित पॉलिमर) आणि पीएसएस (ऋणभारित पॉलिमर) यांचे आलटूनपालटून थर दिले, मध्ये सोन्याचे नॅनोकण, मग ईडीटीएने (कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने) कार्बोनेटचा गाभा विरघळवला. ८०८ नॅनोमीटरचा (अवरक्त) लेसर मारला तरी आतला रंग ढिम्म! सोन्याऐवजी अझोबेन्झीन (प्रकाशाने आकार बदलणारा रेणू) वापरू का?

लॅबवाला काका: सोन्याचं द्रावण लालभडक दिसतं ना? मग कण गोल आणि सुटे आहेत. ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, ८०८ ला तुझा लेसर आरपार जातो, कण तापतच नाहीत. ८०८ ला शोषणारे नॅनोरॉड (काडीसारखे सोन्याचे कण) घे. अझोबेन्झीनच्या नादी लागू नकोस. साध्या अझोबेन्झीनला ३६५ च्या आसपासचा अतिनील लागतो, तो त्वचेत मिलिमीटरभरही शिरत नाही. मग शरीरात उपयोग काय?

मधुरा: हो, द्रावण लालच दिसतं काका! पण रॉड बनवताना वापरलेलं, त्यांच्यावर उरणारं सीटॅब (साबणासारखं धनभारित रसायन) पेशींना विषारी ना?

लॅबवाला काका: म्हणून आधी नीट धुवायचं, मग पीएसएसचा लेप. रॉड ऋणभारित झाला की पीएएचच्या थरावर आपोआप बसतो.

थर्मोकोल: आणि चाचणी म्हणून कॅप्सूलच्या द्रावणाची अख्खी कुपी तापवू नका. पीएएच-पीएसएसच्या कॅप्सूल उष्णतेने आकसतात, भिंत उलट घट्ट होते. लेसरने फक्त कणाभोवती तापवायचं असतं.