मदत हवी आहे: पंचवीस जणांसाठी 'अल देन्ते' पास्ता

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत राहते. इथे पास्त्याच्या पुड्यावर सगळं जर्मनमध्ये, पण शिजवायच्या वेळेपाशी हमखास इटालियन 'अल देन्ते'. फ्रेंच आणि इंग्रजी पाककृतींतही हाच शब्द, म्हणजे दाताला किंचित लागेल इतपत शिजलेला.

घरी चौघांपुरता नीट जमतो. १०० ग्रॅमला १ लिटर पाणी, त्यात साधारण १० ग्रॅम मीठ. पेन्ने (नळीसारखा आखूड पास्ता) मधोमध कापून बघते, आत पांढरा ठिपका पुसट उरला की लगेच निथळून सॉसमध्ये. सासूबाईंच्या मते तो कच्चाच असतो, तो वाद वेगळा!

आता लेकाच्या वाढदिवसाला पंचवीस जण आहेत. हॉलमध्ये फक्त गरम करायची सोय, आणि घरून निघाल्यापासून वाढेपर्यंत दीड-दोन तास जाणार. निथळल्यावरही पास्ता आतल्या उष्णतेने शिजत राहतो, सॉस शोषतो आणि शेवटी लगदा होतो.

दोन-तीन मिनिटं आधीच काढून ताटात पसरून गार करायचा आणि तिथे उकळत्या सॉसमध्ये टाकायचा, असा विचार आहे. कोणी केलंय का? गार पाण्याखाली धरू का? तेल चोळलं तर सॉस नीट धरत नाही, म्हणून ते टाळतेय. पेन्ने बरं की फुसिल्ली (पिळाचा पास्ता)? स्पगेटीचा तर मी नादच सोडलाय.

पुडा ड्युरम गव्हाचाच आहे, आपल्या बन्सीच्या जातकुळीतला. केटरिंग करणाऱ्यांनी जरूर सांगा, कार्यक्रम शनिवारी आहे.