मदत हवी आहे : कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत, निर्दयपणे तपासून द्या

नवखा_वार्ताहर :

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर मराठीत लिहायला सुरुवात करतोय. सरावासाठी जुन्या सामन्याचं पूर्ण रेकॉर्डिंग बघायचं, समोर बॉक्स स्कोअर (सामन्याचं अधिकृत आकडेपत्रक) ठेवायचा आणि वृत्तांत लिहायचा, अशी पद्धत ठेवली आहे. खालचा वृत्तांत १६ मार्च २०१८ च्या सामन्याचा आहे : शार्लट इथे झालेली एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) पुरुष स्पर्धेची पहिली फेरी, यूएमबीसी (म्हणजे मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) विरुद्ध व्हर्जिनिया.

«बास्केटबॉलच्या इतिहासात शुक्रवारी एक नवे सुवर्णपान लिहिले गेले. यूएमबीसीच्या रणधुरंधरांनी बलाढ्य व्हर्जिनियाला अक्षरशः धूळ चारली. पूर्वार्धात दोन्ही संघांनी तोडीस तोड खेळ केला व मध्यंतराला गुणफलक २१-२१ असा बरोबरीत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मात्र यूएमबीसीने जबर इच्छाशक्तीच्या जोरावर सामन्याचे पारडे फिरवले. जायरस लाइल्सने २८ गुण नोंदवत विजयात मोलाचा वाटा उचलला. व्हर्जिनियाचा बचाव पूर्णपणे कोलमडला. इतिहासात पहिल्यांदाच १६व्या मानांकित संघाने अव्वल मानांकित संघाला हरवले. यूएमबीसीने सामना ७४-५४ असा जिंकला.»

विचारायचंय ते असं : इंट्रो (बातमीची सुरुवात) कसा आहे? आकडे कमी पडले की जास्त झाले? आणि थेट सामना चालू असताना टिपणं कशी काढायची? गोड बोलू नका, चुका सांगा.

रात्रपाळी :

चुकांपासूनच सुरू करतो.

पुरुषांच्या कॉलेज सामन्यात तिसरा क्वार्टर नसतोच. २०-२० मिनिटांचे दोन हाफ असतात. १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर महिलांच्या सामन्यात, तेही २०१५-१६ च्या हंगामापासून. एनबीए बघून कॉलेजकडे वळलेल्यांच्या कॉपीत ही चूक हमखास सापडते. तिच्याच जोडीने येणाऱ्या आणखी दोन : शॉट क्लॉक (शॉट मारण्यासाठीची मुदत) ३० सेकंदांचा असतो, २४ चा नव्हे, आणि खेळाडू पाचव्या फाउलला बाहेर जातो, सहाव्याला नव्हे.

दुसरी चूक याहून मोठी. ‘इतिहासात पहिल्यांदाच’ हे खोटं आहे. महिलांच्या स्पर्धेत १९९८ साली १६वं मानांकन असलेल्या हार्वर्डने पहिलं मानांकन असलेल्या स्टॅनफर्डला ७१-६७ असं हरवलं होतं, तेही स्टॅनफर्डच्याच कोर्टवर. तुमच्या वाक्यात ‘पुरुषांच्या स्पर्धेत’ हे दोन शब्द हवेतच. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वाधिक’ यांपैकी काहीही लिहिलं की कुठल्या स्पर्धेत, कुणाच्या आणि कधीपासून, ही तिन्ही उत्तरं हाताशी ठेवा. डेस्क (संपादकीय विभाग) तेच विचारणार.

तिसरी गोष्ट अर्धी चूक म्हणू. स्पर्धेत ६८ संघ, चार विभाग आणि प्रत्येक विभागात १ (सर्वांत बलवान) ते १६ (सर्वांत दुबळा) मानांकनं. म्हणजे ‘अव्वल मानांकित’ संघ एकाच वेळी चार असतात. व्हर्जिनिया त्या चौघांतही पहिला होता, संपूर्ण स्पर्धेत अव्वल. ही बातमीतली सगळ्यात वजनदार गोष्ट आणि तीच तुमच्या मजकुरात नाही.

राहिला निकाल. तो शेवटच्या वाक्यात का? वाचकाला पहिल्या दोन वाक्यांत कोण, कुणाला, कितीने, कुठल्या स्पर्धेत एवढं कळलं पाहिजे. वृत्तांत खालून कापला जातो हे धरून चला. तुमच्या मजकुराची शेवटची ओळ जागेअभावी उडाली, तर स्कोअरच गेला.

आकडेमोड :

वरच्या सगळ्याशी सहमत. मी फक्त ‘जबर इच्छाशक्ती’वर बोलतो, कारण तुमच्या वृत्तांताची खरी अडचण तिथे आहे.

इच्छाशक्ती प्रेस टेबलवरून दिसत नाही. दिसतं ते हे : यूएमबीसीने थ्री-पॉइंटरचे (कमानीबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे) २४ प्रयत्न केले, १२ पडले. व्हर्जिनियाने २२ केले, ४ पडले. आता गुण मोजा. एकीकडे ३६, दुसरीकडे १२, म्हणजे २४ गुणांचा फरक, आणि सामना सुटला २० गुणांनी. थ्री-पॉइंटर बाजूला काढले तर उरतात यूएमबीसी ३८, व्हर्जिनिया ४२. कमानीच्या आतून आणि फ्री थ्रोवर (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटवर) मिळून व्हर्जिनियाच चार गुणांनी पुढे होता! दर थ्रीच्या प्रयत्नामागे यूएमबीसीला दीड गुण मिळत होता, व्हर्जिनियाला अर्ध्याहून जरासा जास्त. सामना कुठे फिरला याचं उत्तर ते हे. दोन वाक्यांत मावतं.

‘बचाव पूर्णपणे कोलमडला’ हेही तसंच. पूर्वार्धात २१ गुण देणारा बचाव कोलमडलेला नव्हता. उत्तरार्धात ५३ दिले. व्हर्जिनिया त्या हंगामात पूर्ण ४० मिनिटांत सरासरी ५४ पेक्षा कमी गुण देत होता आणि देशात सर्वांत कमी गुण देणारा संघ तोच होता. जवळजवळ पूर्ण सामन्याचा कोटा २० मिनिटांत गेला, एवढं लिहा. ‘कोलमडला’ वाचकाला आपोआप ऐकू येईल.

आणखी एक कारण कुणी लिहीत नाही, पण लिहायला हवं. व्हर्जिनियाचा खेळ संथ. घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत चेंडू फिरवायचा, समोरच्यालाही घाईचा शॉट मिळू द्यायचा नाही. अशा खेळात दोन्ही संघांना पझेशन (चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्या) कमी मिळतात. आघाडीवर असताना हा हुकमी डाव आहे, पण पिछाडी भरून काढायला पझेशनच उरत नाहीत. संथ संघावरची १० गुणांची आघाडी वेगवान संघावरच्या १० पेक्षा जड असते.

पझेशन बॉक्स स्कोअरमधून काढता येतात : फील्ड गोलचे प्रयत्न (फ्री थ्रो सोडून सगळे शॉट), वजा आक्रमक रीबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेला चेंडू), अधिक फ्री थ्रोचे प्रयत्न गुणिले ०.४७५. (एनबीएसाठी हाच गुणक ०.४४ धरतात.) दोन्ही संघांचं काढून सरासरी घ्या, दोन आकड्यांत दोन-तीनपेक्षा जास्त तफावत आली तर बेरीज परत तपासा. मग गुणांना पझेशनने भागून १०० ने गुणलं की आक्रमणाची कार्यक्षमता मिळते. वृत्तांतात मात्र हे गणित दाखवू नका, निष्कर्ष तेवढा द्या.

बॉक्स स्कोअरखाली टर्नओव्हरवरचे गुण, फास्ट ब्रेकचे (धावत्या प्रतिहल्ल्यातले) गुण, दुसऱ्या संधीचे गुण, पेंटमधले (बास्केटखालच्या रंगवलेल्या भागातले) गुण अशा ओळी असतात. त्यांची बेरीज कधीही करू नका. चेंडू हिसकावून धावत जाऊन केलेला एक लेअप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) तीन ओळींत मोजला जातो.

कोर्टकाठी :

आकडेमोड यांचं बरोबर, पण नवख्याच्या हातात एवढे आकडे दिले की वृत्तांताचा ताळेबंद होतो. एका परिच्छेदात दोन आकडे, फार तर तीन. आणि इंट्रोत स्कोअर सोडून एकच.

टिपणांबद्दल. वहीच्या पानावर पाच रकाने आखा : घड्याळ, स्कोअर, कुणी काय केलं, कोर्टवरचे पाच, आणि शेवटचा रकाना मोकळा. घड्याळ उरलेल्या वेळेचं लिहा, म्हणजे प्ले-बाय-प्लेशी (क्षणाक्षणाच्या अधिकृत नोंदीशी) जुळवताना गोंधळ होत नाही. प्रत्येक बास्केट टिपायची गरज नाही, ते अधिकृत पत्रकात येतंच. टिपायचं ते पत्रकात नसणारं : कोण कुणाला मार्क करतोय, बचाव मॅन-टू-मॅनवरून (प्रत्येकाचा एक प्रतिस्पर्धी) झोनवर (प्रत्येकाची एक जागा) कधी गेला, कोचने कुणाला फाउलमुळे बसवलं आणि तो परत कधी आला, शॉट मोकळा होता की बचावपटूचा हात तोंडावर होता.

पुरुषांच्या टीव्हीवरच्या सामन्यात प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली घड्याळ गेलं की खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा मीडिया टाइमआउट होतो. हाफचे आयते पाच तुकडे पडतात. प्रत्येक टाइमआउटला रेघ मारा, स्कोअर आणि दोन्ही संघांचे फाउल लिहा. सामन्यानंतर या रेघांमधला फरक बघितला की सामना कुठल्या चार मिनिटांत गेला ते चटकन कळतं. फाउल एवढ्यासाठी, की पुरुषांत हाफमधल्या सातव्या सांघिक फाउलपासून ‘वन-अँड-वन’ मिळतो (पहिला पडला तरच दुसरा) आणि दहाव्यापासून थेट दोन फ्री थ्रो. शेवटच्या पाच मिनिटांतले निम्मे निर्णय या आकड्यावरून होतात.

डेडलाइन असेल तर सामन्याआधी पार्श्वभूमीचा मजकूर तयार ठेवा, २००-२५० शब्द : संघ इथवर कसे आले, कोण जखमी, पुढची फेरी कधी. उत्तरार्धातल्या ८ मिनिटांच्या टाइमआउटला दोन इंट्रो लिहून ठेवा, दोन्ही निकालांचे. बझर वाजला की एक पुसा, स्कोअर भरा, पाठवा. पत्रकार परिषदेतली विधानं घालून नीट कॉपी नंतर.

जखमींवरून आठवलं, तुमच्या मजकुरात डीआंद्रे हंटर कुठे आहे? व्हर्जिनियाचा हा खेळाडू मनगट मोडल्यामुळे त्या स्पर्धेत खेळलाच नाही. बाकावरून येऊन त्यांच्या कॉन्फरन्सचा (कॉलेज संघांच्या गटाचा) सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरलेला. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य हवं. इंट्रोत नको, तिथे ती सबब वाटते. गाळलं तर लपवल्यासारखं दिसतं.

नवखा_वार्ताहर :

मनापासून आभार. क्वार्टरची चूक वाचून कान लाल झाले. इंट्रो पुन्हा लिहिला आहे :

«अवघ्या स्पर्धेत अव्वल मानांकन मिळालेल्या व्हर्जिनियाला यूएमबीसीने एनसीएए पुरुष स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ७४-५४ असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत १६व्या मानांकित संघाने पहिल्या मानांकिताला नमवण्याची ही पहिलीच वेळ आहे.

मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात यूएमबीसीने ५३ गुण केले. व्हर्जिनिया या हंगामात पूर्ण सामन्यातही सरासरी एवढे गुण देत नव्हता. फरक पडला तो कमानीबाहेरून : यूएमबीसीचे २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४.»

लाइल्सचं काय करू? आणि याआधीचे असे १३५ सामने पहिल्या मानांकितांनीच जिंकले होते, हा आकडा घालू का?

रात्रपाळी :

आता याला बातमी म्हणता येईल. एक दुरुस्ती : ‘सरासरी एवढे गुण देत नव्हता’ हे काठावरचं आहे. सरासरी ५३ च्या थोडी वर होती, म्हणून ‘सरासरी ५४ पेक्षा कमी गुण देत होता’ असंच ठेवा.

१३५ घाला, पण आधी स्वतः मोजा. १९८५ पासून स्पर्धेत ६४ किंवा त्याहून जास्त संघ आहेत आणि दरवर्षी असे चार सामने होतात. २०१७ पर्यंत ३३ स्पर्धा, म्हणजे १३२. २०१८ मधले उरलेले तीन पहिले मानांकित हा सामना संपण्याआधीच जिंकले होते, म्हणून १३५. एजन्सीच्या कॉपीतून उचललेला आकडा बरोबर असला तरी तो कसा आला हे माहीत नसेल, तर पुढच्या वर्षी तुम्ही तोच चिकटवून मोकळे व्हाल.

आकडेमोड :

लाइल्सचे २८ एकटे काही सांगत नाहीत. ११ प्रयत्नांत ९ बास्केट, आणि २८ पैकी २३ उत्तरार्धात. म्हणजे संघाच्या उत्तरार्धातल्या ५३ पैकी २३ एकट्याचे. ‘मोलाचा वाटा’ खोडून हे ठेवा. मग एकच बास्केट जवळून दाखवा : अंगावर कोण होता, स्क्रीन (बचावपटूची वाट अडवणं) कुणी लावला, चेंडू सुटला तेव्हा घड्याळात किती उरले होते. रेकॉर्डिंग हाताशी आहे, चार वेळा मागे नेऊन बघा.

कोर्टकाठी :

अवांतर, पण उपयोगी. पत्रकार परिषदेत ‘आज कसं वाटतंय?’ विचाराल तर कोच ‘मुलांचा अभिमान वाटतो’ म्हणेल, त्याचं काही करता येत नाही. टिपणातल्या शेवटच्या रकान्यातून प्रश्न काढा : ‘१२ मिनिटांच्या टाइमआउटनंतर तुमचे गार्ड स्क्रीनच्या वरून जायला लागले, हा बदल ठरवून होता का?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’च्या पुढे जाऊन उत्तर द्यावं लागतं. पंचांच्या निर्णयावर काही विचारायचं असेल, तर सगळ्यांच्या वतीने एकच पत्रकार जातो. सामन्याआधीच त्याचं नाव माध्यम विभागाकडून माहीत करून घ्या.

नावांचे उच्चार संघाच्या माध्यम विभागाने काढलेल्या टिपणात दिलेले असतात, स्पेलिंगवरून अंदाजाने देवनागरी करू नका. प्रेस टेबलवर टाळ्या नाहीत, संघाची टोपी नाही. आणि समोर १८ ते २२ वर्षांची कॉलेजची मुलं आहेत. शेवटचा फ्री थ्रो हुकवलेल्याबद्दल ‘हुकला’ लिहा. ‘हाय खाल्ली’ लिहायचं असेल तर तसं तो स्वतः म्हणालेला असला पाहिजे.

नवखा_वार्ताहर :

लाइल्सची एक बास्केट निवडली आहे, उत्तरार्धाच्या सुरुवातीची. तो परिच्छेद लिहून याच धाग्यात टाकतो. पझेशनचं गणित दोन्ही संघांचं करून बघतो, दोनपेक्षा जास्त तफावत आली तर परत त्रास देईन.

आकडेमोड :

द्या. तफावत आली तर आधी सांघिक रीबाउंड (कुणा एका खेळाडूच्या नावावर न धरलेले) बघा. काही पत्रकांत ते खेळाडूंच्या बेरजेत नसतात, वेगळ्या ओळीत असतात आणि मोजायचे राहून जातात.