टिटवीच्या अंड्यांवर छत्री लावली

खिडकीतली

पायाचं हाड मोडलं म्हणून जवळजवळ महिनाभर खिडकीशी बसून काढला. समोर रिकामा प्लॉट, सगळी खडी पसरलेली. मध्येच कधीतरी लक्षात आलं की एक टिटवी रोज त्याच जागी दिसते. दुर्बीण लावली. खडीतच चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, निमुळती टोकं आत वळवलेली. घरटं म्हणजे नुसता खळगा.

मग वेडच लागलं. कुत्रं लांबून दिसलं की अंड्यांवरची टिटवी ओरडत नाही. मान खाली घालून गुपचूप वीसेक पावलं चालत जाते आणि तिथून ‘टिटीटिव’ सुरू करते. कुत्रं आवाजाच्या दिशेने धावतं. म्हणजे सगळ्यात जास्त कालवा जिथे, तिथे अंडी नाहीतच! गाय चरत आली की मात्र तसूभर हलत नाही, पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभी. कुत्रं खाणारं, गाय तुडवणारी, हा फरक तिला कळतो. (मी घरीदारी सगळ्यांशी एकाच पट्टीत भांडते.)

आता मी केलेली घाण. ऊन वाढलं तशी दुपारी ती अंड्यांवर बसेना. नुसती उभी राही आणि मध्येच उडून जाई. मला वाटलं, दमली, आता टाकून जाणार. प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी काठी टेकत गेले, अंड्यांपासून हातभरावर जुनी छत्री रोवली आणि शेजारी पाण्याचं वाडगं ठेवलं. नर-मादी दोघं डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. मी परत खिडकीत. तासभर ती जवळ फिरकली नाहीत. कावळा फिरकला. कुंपणावर बसून माझा सगळा उद्योग बघत होता तो. एक अंडं घेऊन गेला. लंगडत पळत जाऊन छत्री काढली.

मुलगी म्हणते, “आई, धडा घे आणि सोड.” पण धडा कोणता? मदत करू नये? ते तर मला पटत नाही. रानातल्या जिवांकडे बघून तुमच्यात खरंच काही बदललंय का? ऐकीव नको, स्वतः बघितलेलं सांगा.

सुविचारी

ताई, मन खट्टू करू नका. गरुडाकडे बघा. चाळिसाव्या वर्षी तो चोच खडकावर आपटून तोडतो, नखं उपटतो, नवी येईपर्यंत उपाशी राहतो आणि मग आणखी तीस वर्षं जगतो!

पाणवठा

सुविचारी, त्या गरुडाला आता सोडा हो. चोच नखांसारखी सतत वाढते आणि झिजते. तोडली तर तो खाणार कशाने? नवी येण्याआधी उपासमारीने मरेल. पिसंही थोडी थोडी करून गळतात आणि बदलतात. सत्तर वर्षांचं म्हणाल, तर अमेरिकेत पायात ओळखीची कडी घातलेला एक बाल्ड ईगल 2015 साली गाडीखाली सापडून मेला, तो 38 वर्षांचा होता. रानातल्या त्या जातीच्या गरुडांत तेच वय विक्रमी मानलं गेलं.

खिडकीतली ताई, तुमची टिटवी दमली नव्हती. भर उन्हात अंडी उबवायची नसतात, निववायची असतात. म्हणून ती वर उभी राहून स्वतःची सावली धरते. आणि उडून जाते ती पाण्याकडे. पोटाची पिसं भिजवून येते आणि ती ओल अंड्यांना देते. नर-मादी दोघंही करतात हे. छत्री आधीपासून उभीच होती, तुम्हाला ती पक्ष्यासारखी दिसली इतकंच. कावळ्याबद्दल तुमचा अंदाज मला बरोबर वाटतो. माणूस कुठे वाकला हे ते टिपून ठेवतात. मीसुद्धा पूर्वी घरट्यांचे जवळून फोटो काढायचो. दोन घरटी रिकामी झाली तेव्हा थांबलो. आता जिथून पक्षी माझ्याकडे बघायला लागतो तिथून दहा पावलं मागे येतो.

अर्धवटराव

मी थोडा खडूस आहे, पण प्राण्यांकडून धडे घ्यायचे तर सगळे घ्या की. वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या आला की कधी कधी आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. त्याचा सुविचार कुणी का छापत नाही?

लांडग्यांवरून घेतलेला धडाही असाच अर्धवट. ‘अल्फा’ म्हणजे भांडून वर चढलेला म्होरक्या, ही कल्पना 1947 मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1970 च्या पुस्तकात ती मांडली. मग कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समीर बेटावर वर्षानुवर्षं उन्हाळ्यात मोकळे लांडगे बघितले आणि 1999 मध्ये लिहिलं की बहुतेक टोळ्या म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. स्वतःच्याच पुस्तकाविरुद्ध बोलणारा माणूस! मला लांडग्यांपेक्षा तोच जास्त आवडतो.

खिडकीतली

नऊ दिवसांनी लिहितेय. पाणवठा, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच दुपारी दुर्बीण अंड्यांऐवजी तिच्या पोटावर लावली. ओलं होतं. पांढरी पिसं चिकटून दोरीसारखी झालेली. महिनाभर रोज बघत होते आणि हे दिसलं नव्हतं, कारण मी सारखी अंडी मोजत होते.

अर्धवटराव, खडूस असा, पण तुमच्या प्रतिसादानंतर घरात भांडण झालं. मुलीला विचारलं, मी सल्ला देते तेव्हा तुला नक्की काय अडचण असते? अर्धा तास बोलली. मी मध्ये बोलले नाही, म्हणजे दोनदाच बोलले.

परवा सकाळी तिन्ही पिल्लं बाहेर आली. कापसाला पाय फुटावेत तशी. आईबापांनी फुटकी कवचं उचलून लांब नेऊन टाकली आणि दुपारपर्यंत सगळी मंडळी चालत निघून गेली. एकदा घार वर आली, नराने हाक दिली आणि तिन्ही पिल्लं चालता चालता खडीत विरघळली. दुर्बिणीतूनही सापडेनात. ती कुठे आहेत ते बघायला उठावंसं वाटलं. काठी हातात घेतली होती.

वाडगं तिथेच राहिलंय. कावळा पाणी पितो त्यात.